शोभेच्या लॉनला टँकर कशाला?

एप्रिल-मेमध्ये पुण्यातल्या कितीतरी सोसायट्यांत फाटकाशी टँकर रिकामा होत असतो आणि आत माळीकाका लॉनवर पाइप धरून उभे असतात. कडेला पाटी: ‘गवतावर चालू नये’. म्हणजे मोठ्यांनी चालायचं नाही, मुलांनी खेळायचं नाही, फक्त गॅलरीतून बघायचं. आणि त्यासाठी पाणी विकत आणायचं!

भर उन्हाळ्यात लॉन हिरवं ठेवायला चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी लागतं. हजार चौरस मीटरचं लॉन १० हजार लिटरचा टँकर दोन दिवसांत संपवतं. ‘आम्ही एसटीपीचं पाणी वापरतो’ असं काहीजण सांगतात. वापरा, पण ते झाडांना आणि फ्लशला द्या; तेवढाच टँकर वाचेल.

मी सोसायट्यांच्या बागा आखून देते. माझं म्हणणं एवढंच, की मुलं खेळतात तेवढ्या जागेत हरळी ठेवा आणि उरलेल्या लॉनच्या जागी ठोंबाने वाढणारी देशी गवतं लावा. उतारावर, पाटाच्या कडेला वाळा लावावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. मुरमाड जागेत रोशा तग धरतो. पान चुरगळलं की हाताला वास राहतो. काळ्या मातीत मारवेल छान फुटतो. कुसळी मात्र पायवाटेजवळ नको. तिच्या कुसळांचा पीळ ओल लागली की सुटतो आणि टोकदार बी जमिनीत घुसतं. मोज्यातही तसंच घुसतं.

नर्सरीवाले फाउंटन ग्रास पुढे करतील. त्याचे तुरे देखणे असतात, पण हवाई बेटांवर आणि दक्षिण आफ्रिकेत ते बागेबाहेर पसरून डोकेदुखी झालं आहे. आपल्या टेकड्यांशेजारी तो धोका कशाला पत्करायचा? आपल्याकडे गवतांची वाण नाही. ब्लॅटर आणि मॅककॅन यांनी १९३५ साली मुंबई इलाख्यातल्या गवतांवर अख्खा ग्रंथ लिहिला आहे.

सभेत पहिला आक्षेप ठरलेला: ‘साप येतील.’ साप येतात ते उंदरांमागे. कचरा रोज उचला, ठोंब जिन्यापासून आणि खेळाच्या जागेपासून लांब लावा, मधली वाट मोकळी ठेवा. दुसरा आक्षेप: ‘दिवाळीनंतर पिवळं पडतं, ओसाड दिसतं.’ पिवळं पडणारच. सह्याद्रीही तेव्हा पिवळाच असतो आणि आपण गाड्या काढून तो बघायला जातो. ठोंब ओळीत लावले आणि कडेला दगडांची नीट रेघ ओढली, की ही मुद्दाम केलेली बाग आहे हे येणाऱ्याला कळतं.

मेहनत नाही असं नाही. ठोंब पावसाच्या सुरुवातीला, दीड-दोन फुटांवर लावायचे. पहिल्या उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्यायचं. फेब्रुवारीत वीतभर ठेवून सगळं कापायचं, म्हणजे कुणाच्या जळत्या विडीने पेट घेणार नाही. कापलेलं गवत झाडांच्या आळ्यात पसरायचं. दर आठ-दहा दिवसांनी लॉनवर मशीन फिरवण्यापेक्षा हे कितीतरी कमी काम आहे.

येत्या सर्वसाधारण सभेत टँकरच्या बिलाशेजारी लॉनचं क्षेत्रफळ मांडा. त्यातलं खेळायला किती लागतं, ते मुलांनाच विचारा. उरलेल्या लॉनला टँकरचं पाणी घालणं बंद करण्याचा ठराव त्याच सभेत करा.