हप्ते वेळेवर, तरी सिबिल स्कोअर जागेवरच: सुधारणा दिसायला इतका वेळ का लागतो?

समजा, पुण्यातल्या एका तरुणाची दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली. चार महिने पर्सनल लोनचे हप्ते थकले, क्रेडिट कार्डाचं बिलही राहिलं. नवी नोकरी लागल्यावर त्याने सगळी थकबाकी भरली. गेल्या आठ महिन्यांत त्याने एकही हप्ता चुकवलेला नाही. दर महिन्याला तो मोबाईलमधलं अ‍ॅप उघडून स्कोअर बघतो. एका महिन्यात ६४१. पुढच्या महिन्यात ६४८. त्याच्या पुढच्या महिन्यात ६३९.

"एवढं करून उपयोग काय?" असं अशा वेळी कुणालाही वाटेल. काही जण इथेच शिस्त सोडतात. काही जण 'तीस दिवसांत सिबिल क्लिअर' अशी जाहिरात करणाऱ्याच्या हाती पैसे देऊन बसतात. प्रत्यक्षात त्या तरुणाची परिस्थिती सुधारत असते. फक्त तो जिथे बघतोय तिथे ती दिसत नसते.

हा आकडा किती महत्त्वाचा आहे, याचं एक साधं गणित पाहू. ३० लाखांचं गृहकर्ज, मुदत २० वर्षं. व्याजदर साडेआठ टक्के असेल तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो. खराब स्कोअरमुळे तोच दर नऊ टक्के झाला तर हप्ता सुमारे २६,९९२ रुपये. फरक महिन्याला साधारण ९५७ रुपयांचा, पण २० वर्षांत तो जवळपास २ लाख ३० हजारांवर जातो.

स्कोअर नेमकं काय सांगतो?

भारतात 'सिबिल' हा शब्द क्रेडिट स्कोअरला समानार्थी झाला आहे. खरं तर सिबिल ही एका कंपनीची ओळख. देशात रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या अशा चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. २००५ च्या क्रेडिट इन्फर्मेशन कंपनीज कायद्यानुसार त्यांचं काम चालतं. बँका आणि वित्तसंस्था आपल्या कर्जदारांची माहिती या कंपन्यांना पाठवतात आणि त्यावरून ३०० ते ९०० या दरम्यानचा आकडा काढला जातो.

हा आकडा म्हणजे एक अंदाज असतो. ही व्यक्ती पुढच्या काळात कर्ज थकवण्याची शक्यता किती, याचा. अंदाज बांधायला पुरावा लागतो आणि चांगल्या वागणुकीचा पुरावा महिन्याला एकच जमा होतो: वेळेवर भरलेला एक हप्ता. थकलेला हप्ता मात्र एकटाच मोठा इशारा ठरतो. म्हणून स्कोअर झपाट्याने घसरतो आणि चढतो मात्र मुंगीच्या पावलांनी.

पैसे आज भरले, नोंद कधी होते?

तुम्ही पैसे भरता त्या क्षणी क्रेडिट रिपोर्ट बदलत नाही. आधी बँका महिन्यातून एकदा माहिती पाठवायच्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२४ मध्ये नियम बदलला आणि १ जानेवारी २०२५ पासून दर पंधरवड्याला, म्हणजे १५ तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती पाठवणं बंधनकारक झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये तर ही माहिती आठवड्याला पाठवण्याचा मसुदाही रिझर्व्ह बँकेने मांडला.

पंधरवड्याच्या वेळापत्रकात काय होतं ते पाहा. तुम्ही २ तारखेला थकबाकी भरली. ती १५ तारखेच्या स्थितीत नोंदली जाईल. ती माहिती पाठवायला बँकेकडे सात दिवस, म्हणजे २२ तारीख. ती आपल्या नोंदीत घ्यायला क्रेडिट कंपनीकडे पाच दिवस, म्हणजे २७ तारीख. सगळं नियमात होऊनही २५ दिवस गेले. त्यात तुमचं अ‍ॅप महिन्यातून एकदाच आकडा ताजा करत असेल तर आणखी काही दिवस. म्हणजे आज दिसणारा स्कोअर बऱ्याचदा महिनाभरापूर्वीची गोष्ट सांगत असतो.

जुनी नोंद पुसली का जात नाही?

थकबाकी भरली की 'आता थकबाकी शून्य' अशी नोंद होते. पण 'तेव्हा थकली होती' ही नोंद राहते. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक कर्जाखाली मागच्या ३६ महिन्यांचा तक्ता असतो. त्या त्या महिन्यात हप्ता किती दिवस उशिरा होता, तो आकडा तिथे असतो. त्याला 'डेज पास्ट ड्यू' किंवा डीपीडी म्हणतात. तीन शून्यं असतील तर त्या महिन्यात थकबाकी नव्हती. ०३० असेल तर हप्ता ३० दिवस थकलेला होता.

हा तक्ता पुढे सरकत राहतो. नवा महिना आला की सर्वांत जुना महिना बाहेर पडतो. पुण्याच्या त्या तरुणाच्या तक्त्यात आज आठ स्वच्छ महिने आहेत, पण त्यांच्या शेजारी थकलेले चार महिनेही आहेत. ते मागे सरकत जातील तशी त्यांची धार कमी होईल. पण ही प्रक्रिया पैसे देऊन लवकर करून घेता येत नाही. कायद्याच्या चौकटीनुसार क्रेडिट कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. त्यामुळे खरी असलेली नोंद 'डिलीट करून देतो' असं कुणी म्हणत असेल, तर तो खोटं बोलतोय असं खुशाल समजावं.

कर्ज फेडलं आणि स्कोअर उतरला, असं कसं?

याची दोन-तीन कारणं असू शकतात. पहिलं, कार्डाचा वापर. एक लाखाची मर्यादा असलेल्या कार्डावर या महिन्यात ७० हजार खर्च झाले. पूर्ण बिल तुम्ही मुदतीत भरणारच आहात. पण बँकेने माहिती पाठवली त्या दिवशी खात्यावर ७० हजारांचं देणं होतं, तर रिपोर्टमध्ये तेच दिसतं. मर्यादेचा इतका मोठा भाग वापरात दिसला की स्कोअर खाली येतो. पुढच्या महिन्यात खर्च १५ हजार असेल तर तो पुन्हा वर येतो. ही चढउतार हप्त्यांमुळे होणारी सावकाश वाढ झाकून टाकते. ६४१, ६४८, ६३९ असा खेळ अनेकदा यातूनच होतो.

दुसरं, जुनं कार्ड बंद करणं. 'आता कार्डच नको' म्हणून एखादा जुनं कार्ड बंद करतो. त्याबरोबर त्याची मर्यादा जाते, उरलेल्या कार्डावरचा वापर टक्केवारीत वाढलेला दिसतो. शिस्तीसाठी उचललेलं पाऊल काही काळ आकड्यावर उलटतं.

तिसरं, चौकश्या. स्कोअर सुधारला का हे बघण्यासाठी तीन-चार ठिकाणी कर्जाचे अर्ज टाकले, तर प्रत्येक ठिकाणची चौकशी रिपोर्टमध्ये नोंदली जाते. थोड्या काळात अनेक चौकश्या म्हणजे पैशांची निकड, असा अर्थ काढला जातो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही.

'सेटलमेंट' म्हणजे पूर्ण फेड नव्हे

इथे सर्वाधिक लोक फसतात. दीड लाखाचं देणं आहे, बँक किंवा वसुली करणारी एजन्सी म्हणते, "८० हजार भरा, विषय संपला." माणूस उसनवारी करून ८० हजार भरतो. वसुलीचे फोन थांबतात. पण रिपोर्टमध्ये त्या खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लिहिलं जातं. त्याचा अर्थ, बँकेने काही रक्कम सोडून दिली. पुढची बँक ते वाचते आणि सावध होते.

कर्जदाराच्या दृष्टीने त्याने मोठी रक्कम भरलेली असते, म्हणून स्कोअर का वाढत नाही हे त्याला कळत नाही. यावर मार्ग असा की, शक्य झाल्यावर उरलेली रक्कम भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवायची, ती भरून 'नो ड्यूज' प्रमाणपत्र घ्यायचं आणि खात्याची स्थिती 'क्लोज्ड' म्हणून कळवायला सांगायची. सेटलमेंटशिवाय दुसरा पर्यायच नसेल, तर निदान त्याची किंमत माहीत असावी.

एकाच माणसाचे चार आकडे कसे?

चारही कंपन्यांची गणिताची पद्धत वेगळी आहे. त्यामुळे एका अ‍ॅपवर ६८० आणि दुसऱ्यावर ७१५ दिसणं यात गैर काही नाही. गोंधळ तेव्हा होतो, जेव्हा मार्चमध्ये एका कंपनीचा आकडा बघितला जातो आणि जूनमध्ये दुसऱ्या कंपनीचा. मग 'वाढ' किंवा 'घट' यांपैकी काहीच खरं नसतं. तुलना करायची तर एकाच कंपनीच्या आकड्यांची करावी.

बँकांकडून मिळणारा प्रतिसादही पायऱ्यांसारखा असतो. अनेक बँका स्कोअरचे गट पाडून व्याजदर ठरवतात. एखाद्या बँकेचा गट ७०० ते ७४९ असा असेल, तर ७०५ वरून ७४५ वर गेलेल्या ग्राहकाला दर तोच मिळेल. ४० अंकांची सुधारणा झाली, पण खिशाला ती जाणवली नाही. आणखी पाच अंकांनी चित्र बदलू शकतं.

शेतकऱ्यांची अडचण वेगळी

पगारदाराला वर्षात बारा वेळा चांगली नोंद करण्याची संधी मिळते. पीक कर्ज घेणारा शेतकरी साधारणपणे हंगामानंतर एकदाच परतफेड करतो. एक वर्ष पावसाने दगा दिला आणि कर्ज थकलं, तर ते भरून काढणारी पुढची नोंद व्हायला थेट पुढचा हंगाम उजाडावा लागतो. म्हणूनच महाराष्ट्रात पीक कर्जासाठी सिबिलची अट हा राजकीय प्रश्न झाला. मे २०२५ मध्ये राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी पीक कर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना कारवाईचा इशारा दिला होता.

नोंदच चुकीची असेल तर?

कधी कधी सुधारणा न दिसण्याचं कारण सरळ चूक हे असतं. कर्ज फेडूनही खातं चालू दिसतं, किंवा दुसऱ्याचंच कर्ज तुमच्या पॅनखाली येतं. अशा वेळी बँकेकडे किंवा क्रेडिट कंपनीकडे तक्रार करता येते, त्यासाठी एजंट लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२३ च्या आदेशानुसार तक्रार ३० दिवसांत सुटली नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. त्यानेही काम झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट कंपन्याही या लोकपाल योजनेत आहेत.

मग सुधारणा बघायची कुठे?

आकडा थोडा वेळ बाजूला ठेवा आणि पूर्ण रिपोर्ट उघडा. चारही कंपन्यांनी प्रत्येक व्यक्तीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत द्यायचा आहे. म्हणजे दर तीन महिन्यांनी एका कंपनीचा असा क्रम लावला, तर वर्षभर एक रुपयाही न देता नोंदींवर लक्ष ठेवता येतं.

त्यात या गोष्टी तपासा:

• डीपीडीच्या तक्त्यात सलग किती महिने शून्य आहेत?
• थकबाकीच्या रकान्यात सगळीकडे शून्य आहे का?
• फेडलेल्या खात्यांपुढे 'क्लोज्ड' आहे की 'सेटल्ड'?
• कार्डांवरचं एकूण देणं मर्यादेच्या किती टक्के आहे?
• अलीकडच्या काळात तुम्ही न केलेली एखादी चौकशी दिसते का?

यांची उत्तरं तीन महिन्यांपूर्वीपेक्षा चांगली असतील, तर सुधारणा होते आहे, आकडा काहीही म्हणो. पुण्याच्या त्या तरुणाच्या रिपोर्टमध्ये आज सलग आठ शून्यं आहेत. स्कोअर दोन अंकांनी घसरला म्हणून त्याने नववा हप्ता चुकवला, तर ती माळ तुटेल आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू होईल. तो हप्ता वेळेवर भरणं, एवढंच या महिन्यात त्याच्या हातात आहे.