तपासणीच्या दिवशी आईला बोलवा

शाळा सुरू होऊन दोन-अडीच महिने झाले की पहिली-दुसरीच्या मुलांच्या घरी निरोप यायला लागतात. ‘एका जागी बसत नाही.’ ‘लिहिता लिहिता मध्येच सोडून देतो.’ ‘लक्ष कुठं असतं कुणास ठाऊक.’ जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई हा निरोप स्वतः देतात, आई मुलाला न्यायला आली की दारातच. इंग्रजी माध्यमात तो डायरीत येतो आणि इंग्रजीत येतो. मध्यंतरी घोडेगावातल्या एका आईनं मला अशी डायरी दाखवली. लाल शाईत एक ओळ, खाली सही. ती ओळ वाचून घ्यायला ती शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडे गेली होती. मुलीनं सांगितलं, “काकू, ह्याचं वर्गात ध्यान नसतं असं लिहिलंय.” त्या रात्री पोरानं बापाचा मार खाल्ला. सहा वर्षांचं पोर. कशाबद्दल मार बसला हे त्याला आजही सांगता येणार नाही.

त्या एका ओळीवर घरात किती मतं पडली तेही तिनंच सांगितलं. बापाचं म्हणणं, लाडानं बिघडला. आजीचं म्हणणं, “त्याचा बापबी असाच व्हता, वयानं सुधरंल.” मामानं मेडिकलमधून बुद्धी वाढवणारं सिरप आणून दिलं. जावेनं मोबाईलवर बोट ठेवलं. कुणीतरी दृष्ट काढायला सांगितली, तीही काढून झाली. एवढ्या सगळ्यांत शाळेत जाऊन ‘बाई, लक्ष नाही म्हणजे नेमकं काय होतं?’ असं कुणी विचारलं नाही. आईला विचारायचं होतं. पण विचारलं की आपल्यालाच बोल लागतो, ही भीती होती. ती भीती खोटी नाही. मुलाच्या प्रगतीचा मान घरात वाटला जातो, तक्रार मात्र आईच्या नावावर जमा होते.

माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेची तक्रार हे निरीक्षण आहे, निदान नव्हे, आणि तिला निरीक्षणाचीच किंमत द्यावी. ती झटकू नये, तिच्यावरून मुलाला मारू नये, आणि तिच्यावरून मुलाला आजाराचं नावही चिकटवू नये. चाळीस मुलं समोर बसवून शिकवणाऱ्या बाईंना जे दिसतं ते घरी दिसत नाही. घरी जे दिसतं ते बाईंना दिसत नाही.

आमच्या गावातलंच पाहा. शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. वडिलांचं बोट धरून आलेली सहा-सात वर्षांची पोरं तिथं अख्खी सकाळ उभी असतात, दाव्याला धरलेल्या खोंडाचे दात पाहून ‘दोनदाती हाय’ म्हणून सांगतात, सौदा कुठं अडला हेही त्यांच्या लक्षात असतं. मग बाप म्हणतो, “ह्याला कसलं लक्ष नाही? सगळं ध्यानात ऱ्हातं त्याच्या.” हा युक्तिवाद मी अनेक घरांत ऐकला आहे आणि तो अपुरा आहे. ज्याला अतिचंचलता आणि अवधानाचा त्रास म्हणतात, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत एडीएचडी, त्यात मुलाकडे लक्ष नसतंच असं नाही. आवडीच्या गोष्टीत ते तासन्‌तास रमतं. जे आवडीचं नाही पण करायचं आहे, तिथं लक्ष नेणं आणि टिकवणं त्याला जड जातं. म्हणून बाजारातला हुशार पोरगा वर्गात खरोखर अडत असू शकतो. आणि तसा अडणारा प्रत्येक पोरगा एडीएचडीचाच असतो असंही नाही.

डॉक्टर हे निदान कसं करतात ते पालकांना माहीत असावं. त्याला रक्ताची चाचणी नाही, डोक्याचा फोटो काढून ते कळत नाही. वागण्याची लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत, वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली हवीत, आणि मुख्य म्हणजे एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसायला हवीत. फक्त शाळेत किंवा फक्त घरी दिसणारा त्रास बहुधा दुसऱ्याच कशाचा तरी असतो. त्या त्रासानं मुलाचं शिकणं किंवा लोकांत मिसळणं अडलेलंही असायला हवं. म्हणजे घरच्यांचं आणि शाळेचं म्हणणं शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय डॉक्टरला पुढे जाताच येत नाही. आजीचं ‘बापबी असाच व्हता’ हे वाक्यसुद्धा तिथं कामाला येतं. हा त्रास घराण्यात उतरण्याचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे चांगला डॉक्टर ते आवर्जून विचारतो. आजी ते विषय मिटवायला बोलली; डॉक्टरपुढं ते विषय उघडायला उपयोगी पडतं.

आता वयाचं. पहिलीच्या प्रवेशासाठी आपल्याकडे ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये एकाच बाकावर साडेपाच वर्षांचं डिसेंबरातलं मूल आणि जवळपास साडेसहाचं जानेवारीतलं मूल बसतं. मोठ्या माणसांत एक वर्ष म्हणजे काही नाही. या वयात एका वर्षानं पेन्सिल धरणं बदलतं, बसणं बदलतं, ऐकून घेणं बदलतं. अमेरिकेत चार लाखांवर मुलांच्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जिथं प्रवेशाची तारीख १ सप्टेंबर आहे तिथं वर्गातली सगळ्यांत लहान, ऑगस्टमध्ये जन्मलेली मुलं आणि सगळ्यांत मोठी, सप्टेंबरची मुलं यांची तुलना त्यात होती. ऑगस्टच्या मुलांमध्ये एडीएचडीचं निदान ३४ टक्क्यांनी जास्त झालेलं होतं. जन्म ऑगस्टचा की सप्टेंबरचा, तेवढ्यानं मेंदूत एवढा फरक पडत नाही. काही मुलांच्या लहानपणालाच आजार समजलं गेलं असावं. आमच्या पिढीत गुरुजी जन्मतारीख म्हणून सर्रास १ जून लिहून टाकायचे, तेव्हा हा हिशोब करायची सोयच नव्हती. आता जन्मदाखला घरात असतो. निरोप आला की आधी तो काढून पाहावा आणि बाईंना विचारावं, वर्गातल्या मुलांत माझं मूल वयानं कुठं बसतं?

मग कान. सर्दी जुनी झाली की कानाच्या पडद्यामागं पाणी साचतं, मूल अर्धंमुर्धं ऐकतं आणि ‘हाक मारली तरी बघत नाही’ अशी तक्रार येते. मग डोळे, फळ्यावरचं दिसत नसेल तर मूल शेजाऱ्याच्या वहीत बघणार आणि बोलणी खाणार. रक्त कमी असणं तर आपल्याकडे घरोघरचं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या १०० पैकी जवळपास ६९ मुलांमध्ये रक्तक्षय सापडला. तीच मुलं पुढं पहिलीत येऊन बसतात. त्यात सकाळी चहा-बिस्किटावर घर सोडलेलं मूल खिचडीची वाट पाहत बसलं असेल तर त्याचं लक्ष चुलीकडे जाणारच. रात्री तोंड उघडं ठेवून घोरत झोपणारं मूल दिवसा पेंगण्याऐवजी बऱ्याचदा उलट जास्त नाचतं. टॉन्सिलच्या किंवा नाकामागच्या गाठी तपासल्या की उलगडा होतो.

एक गोष्ट मात्र जरा थांबून सांगायला हवी. काही मुलं बोलता बोलता, लिहिता लिहिता पाच-दहा सेकंद एकदम थांबतात. नजर समोर असते, पापण्या किंचित फडफडतात, हाक ऐकू जात नाही, आणि मग काहीच झालं नाही असं पुढं लिहायला लागतात. दिवसातून अनेकदा. ही तंद्री नव्हे, हा फिटचाच एक प्रकार आहे आणि औषधानं तो बहुतेकदा आटोक्यात येतो. तंद्री लागलेल्या मुलाच्या खांद्याला हात लावला की ते भानावर येतं. फिट आलेलं मूल येत नाही. हा फरक सगळ्यांत आधी कुणाच्या नजरेस पडतो? वर्गशिक्षिकेच्या. पण तिनं ‘लक्ष नाही’ एवढंच लिहिलं तर तो फरक त्या शब्दांत बुडून जातो.

म्हणून पालकांनी शाळेत जावं, भांडायला नको, विचारायला. कोणत्या तासाला होतं? खिचडीच्या आधी की नंतर? गणितात होतं की वाचनात? किती वेळ टिकतो? कशानं परत येतो? घरच्याही गोष्टी सांगाव्यात: झोप किती, मोबाईल किती, घरात अलीकडे आजारपण, भांडण, मृत्यू असं काही झालं का. आमच्या नेवासा तालुक्यात ऊसतोडीच्या हंगामात पाथर्डीकडून, बीडकडून कोपीवर आलेली कुटुंबं असतात. त्यांच्या मुलांची शाळा दिवाळीनंतर तुटते आणि परत बसली की मधला सगळा धडा गायब असतो. जे कळत नाही त्यात लक्ष लागेल कसं? त्या मुलाला डॉक्टरची गरज नाही, राहिलेला धडा पुन्हा शिकवणाऱ्या माणसाची आहे.

याच तालुक्याच्या गावी, नेवाशात, ज्ञानेश्वरी सांगितली गेली. नवव्या अध्यायाच्या सुरुवातीला ज्ञानेश्वर श्रोत्यांकडे अवधान मागतात, आणि तेही सलगीनं विनंती करून. ऐकणाऱ्याचं लक्ष हे सांगणाऱ्याचंही काम आहे, ही समज आपल्याला काही बाहेरून आणायची नाही. ‘गुरुजी, सोलून काढा पण शिकवा’ असं म्हणणारे पालक आजही आहेत. त्यांना सांगायला हवं की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारणं आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली आहे, आणि पालकांच्या संमतीनं ती बंदी उठत नाही. चुळबुळ्या मुलाला पुढच्या रांगेत बसवणं, एका वेळी एकच सूचना देणं, दहा गणितं एकदम न देता तीन-तीन देणं, वह्या वाटायला उठवणं, जमलं की लगेच शाबासकी देणं, याला पैसा लागत नाही. सहा वर्षांखालच्या मुलात निदान पक्कं झालं तरी पहिला उपचार हाच असतो: आईवडिलांना आणि शिक्षकांना वागण्याची रीत शिकवणं. त्यापुढच्या वयात गरज पडली तर तज्ज्ञ डॉक्टर औषध देतात, त्याचा उपयोगही होतो. त्याला घाबरू नये आणि स्वतःहून मागूही नये.

ज्यांची तक्रार कधीच येत नाही अशाही मुली असतात. शेवटच्या बाकावर गप्प बसलेल्या, खिडकीबाहेर पाहणाऱ्या, दप्तरात रोज काहीतरी विसरणाऱ्या. त्या कुणाला त्रास देत नाहीत म्हणून कुणाच्या घरी निरोप जात नाही. चौथी-पाचवीत ‘अभ्यासात कच्ची’ एवढाच शिक्का बसतो. बाईंनी वर्गातल्या दंगेखोरांची यादी करताना या गप्प मुलींचीही करावी.

आता मूळ मुद्दा. सरकारनं २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची त्यात तपासणी होते. डॉक्टरांचं फिरतं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा येतं. पाहायच्या ३० दुखण्यांच्या यादीत दृष्टिदोष, श्रवणदोष, अध्ययनातली अडचण आणि एडीएचडी ही सगळी आहेत. पुढच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची रचना आहे. कागदावर हे उत्तम आहे, आणि हृदयाच्या छिद्रांपासून फाटलेल्या ओठापर्यंत अनेक मुलांना या पथकानं वेळेत पुढं पाठवलं आहे. पण पथक येतं तेव्हा आई तिथं नसते. वजन होतं, उंची होते, दात-डोळे बघितले जातात, मूल वर्गात परत जातं. कानाचं, दाताचं दुखणं आईवाचून कळेल. लक्षाचं कसं कळणार? त्यासाठी घरचं ऐकावं लागतं, आणि घरचं सांगणारं माणूस त्या वेळी कांद्याच्या वावरात असतं. यादीत नाव असूनही हे दुखणं त्या तपासणीत सापडणं अवघड आहे, आणि त्याचं कारण पथकाचा आळस नसून बोलावण्याची पद्धत आहे. खासगी विनाअनुदानित शाळांत तर पथक जाईलच असं नाही. तिथल्या डायरीतल्या ओळीला पुढं कुठलीच वाट नसते.

ही पद्धत बदलायला मुंबईहून आदेश यायची गरज नाही. शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक ठेवले आहेत आणि निम्म्या स्त्रिया. समितीनं ठराव करावा: पथकाच्या भेटीची तारीख कळताच ज्या मुलांबद्दल शिक्षकांना शंका आहे त्यांच्या पालकांना आठवडाभर आधी, मराठीत, लेखी कळवायचं. वर्गशिक्षिकेनं त्या मुलाबद्दल चार ओळी लिहून ठेवायच्या, काय होतं, कधी होतं, किती वेळ होतं. पालकांनी जन्मदाखला आणि लसीकरणाचं कार्ड आणायचं. डॉक्टरनं त्या प्रत्येक घराला दहा मिनिटं द्यायची. मधल्या काळात कुणाला आधी बोलायचं असेल तर सरकारची मानसिक आरोग्याची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर शाळेच्या फलकावर लिहून ठेवायला काय हरकत आहे?

घोडेगावात हे करायचं तर पथकाला शुक्रवारची सकाळ मागून घ्यावी. वस्त्यांवरची माणसं त्या दिवशी बाजाराला गावात येतातच. आईबरोबर बापालाही शाळेत आणता येईल, आणि डायरीत काय लिहिलं होतं ते डॉक्टरसमोर, मुलाच्या देखत नव्हे, त्यालाही ऐकता येईल.