जुन्या टाक्यांत रुजलेला गर्भ

तेलंगणात दर 100 बाळंतपणांपैकी 60 हून अधिक सिझेरियनने होतात, असे 2019-21 ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजार भागातल्या मराठी घरांनीही हा आकडा मनावर घ्यावा. पुढच्या खेपेला गर्भ क्वचित त्या जुन्या टाक्यांच्या व्रणातच रुजतो.

अस्थानी, म्हणजे गर्भाशयाच्या पोकळीबाहेर रुजलेला, गर्भ बहुतेक वेळा गर्भनलिकेत असतो; थोडे अंडाशयात, गर्भाशयमुखात, नलिका गर्भाशयाला मिळते त्या कोपऱ्यात, पोटाच्या पोकळीत. व्रणातला मात्र फसवा. घाईच्या सोनोग्राफीत तो 'अर्धवट गर्भपात' वाटतो, क्युरेटिंग होते आणि रक्तस्राव आवरत नाही.

वेळेत कळले तर उपाय आहेत. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतल्या संशोधनातून पुढे आलेले मेथोट्रेक्सेट हे औषध 1982 साली जपानी डॉक्टरांनी नलिकेच्या कोपऱ्यातल्या गर्भावर वापरले. आज व्रणातल्या गर्भाच्या निवडक रुग्णांत ते सोनोग्राफीत पाहत थेट गर्भाभोवतीच्या पिशवीत टोचतात. काहींना दुर्बिणीची शस्त्रक्रिया लागते.

'तिसऱ्या महिन्यात दाखवू' ही घरोघरची सवय इथे जिवावर बेतते. आधी सिझेरियन झालेल्या प्रत्येकीची सहाव्या-सातव्या आठवड्यात योनिमार्गे सोनोग्राफी व्हावी, सरकारी प्रसूतिगृहात मोफत आणि त्याच दिवशी.