किमतीआधी क्रिएटिनिन विचारा



रविवारच्या पुरवणीतला मधुमेहाच्या स्वस्त गोळ्यांवरचा लेख वाचला आणि राग आला. 11 मार्च 2025 ला एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले, साठ रुपयांच्या आसपासची गोळी दहा रुपयांच्या आत आली, कंपन्यांची रीघ लागली, हे सगळे सविस्तर. ती गोळी तोंडात टाकण्याआधी काय तपासून घ्यावे, याला मात्र शेवटी एक ओळ: ‘डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ मी राहते त्या भोपाळच्या कोटरा सुल्तानाबादमध्ये डॉक्टरांचा सल्ला म्हणजे पुष्कळ घरांत जुनी चुरगळलेली चिठ्ठी आणि ती दाखवून दर महिन्याला मेडिकलवरून आणलेली पट्टी.

मला एकच आकडा वाचकांच्या डोक्यात ठसवायचा आहे: 1.3. रक्तातले क्रिएटिनिन 1.3 आले की घरचे रिपोर्टवर छापलेली नॉर्मलची मर्यादा बघतात, आकडा आत किंवा जरासा बाहेर दिसतो आणि कागद फायलीत जातो. पण मूत्रपिंडे रक्त किती गाळतात, हे वय आणि स्त्री-पुरुष भेद धरून काढावे लागते. त्या हिशेबाला ई-जीएफआर म्हणतात. पस्तिशीच्या पुरुषाचे 1.3 म्हणजे ई-जीएफआर सुमारे 73, काळजीचे कारण नाही. पंचाहत्तरीच्या बाईचे तेच 1.3 म्हणजे सुमारे 43! आणि मेटफॉर्मिन, मधुमेहाची जी गोळी घराघरांत खडीसाखरेसारखी घेतली जाते, ती ई-जीएफआर 30 च्या खाली असेल तर द्यायचीच नाही आणि 30 ते 45 च्या दरम्यान नव्याने सुरू करू नये, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2016 मध्येच सांगून ठेवले आहे. म्हणजे ती 1.3 वाली आजी थेट या पट्ट्यात बसते. तिला हे कोणी सांगितले? साधी रक्ततपासणी आहे ही. गोळी सुरू करण्याआधी एकदा आणि नंतर ठरावीक काळाने करायची. पुष्कळ रिपोर्टांवर ई-जीएफआर छापलेलाच नसतो. क्रिएटिनिनवरून तो काढायला संगणकाला क्षणही लागत नाही, तरी नाही.

आता ज्या स्वस्त गोळ्यांचे कौतुक चालले आहे त्या ‘ग्लिफ्लोझिन’ वर्गाबद्दल. औषध चांगले आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा फायदा होतो, हे मला मान्य आहे. पण ते साखर लघवीवाटे बाहेर काढते. सोबत पाणी जाते, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि उपास घडला तर शरीरात कीटोन साठून रक्त आम्लधर्मी होऊ शकते. सगळ्यात फसवी गोष्ट अशी की त्या वेळी ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसतच नाही.

आमच्या घरात हे घडले. माझ्या थोरल्या जाऊबाईंना डॉक्टरांनी फक्त मेटफॉर्मिन लिहिली होती. दुकानात ती नव्हती. काउंटरवरच्या मुलाने ‘आंटी, वही है, बस कंपनी अलग है’ म्हणत दुसरी पट्टी दिली. ती मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिन एकत्र असलेली निघाली. हरतालिकेला जाऊबाई पाण्याचा थेंब घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी उलट्या, धाप. मीटरवर 190. आम्ही म्हणालो, शुगर तर ठीक आहे, पित्त असेल. रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरने कीटोन तपासले म्हणून त्या आज आपल्यात आहेत. एकादशी, शिवरात्र, नवरात्र पाळणाऱ्या आपल्या बायकांना ही गोळी देताना ‘उपास करता का?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारायला हवा. ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या किमान 3 दिवस आधी ही गोळी डॉक्टरांना विचारून थांबवायची असते, हेही किती जणांना ठाऊक आहे? (कोणी हे पत्र वाचून आपल्या मनाने गोळी बंद करू नये, त्यातही धोका आहे.)

दोष काउंटरवरच्या एकट्या त्या मुलाचा नाही. 1948 च्या फार्मसी कायद्याचे 42 वे कलम सांगते की चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावे. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये आपल्याच राज्यात, छिंदवाड्याकडे, खोकल्याच्या विषारी औषधाने वीसहून अधिक मुले गेली, तेव्हा दुकानांच्या तपासण्या झाल्या. आता आमच्या भागातल्या काउंटरांमागे पुन्हा तीच अर्धवट वयाची मुले दिसतात.

मधुमेहाच्याच पायोग्लिटाझोन या गोळीची गोष्ट आठवते का? मूत्राशयाच्या कर्करोगाच्या शंकेवरून केंद्राने जून 2013 मध्ये ती थांबवली आणि जुलैअखेर पुन्हा सुरू केली, पाकिटावर ठळक इशारा छापण्याच्या अटीवर. औषध परत आले ते त्या इशाऱ्याच्या बळावर. आणि इशारा रोग्यापर्यंत पोहोचतो कुठे? दहाच्या पट्टीतल्या सहा गोळ्या कात्रीने कापून हातावर ठेवतात. पाकीट दुकानातच, माहितीपत्रक दुकानातच, कधी कधी औषधाचे नाव आणि मुदतीची तारीखसुद्धा उरलेल्या तुकड्यावर. एखाद्या कंपनीने हिंदीत पत्रक घातले तरी ते वाचणार कोण?

भाषेचे तर बोलायलाच नको. 16 ऑक्टोबर 2022 ला याच भोपाळमध्ये एमबीबीएसची हिंदी पुस्तके मोठ्या समारंभात प्रकाशित झाली. डॉक्टर हिंदीत शिकू शकतो, तर वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणे धोक्याचे आहे, ही मेटफॉर्मिनच्या पट्टीवरची कायद्याने सक्तीची ओळ इथे हिंदीत आणि महाराष्ट्रात मराठीत का छापू नये? आणि मुंगीएवढ्या अक्षरांत का?

माझी मागणी राज्य सरकारकडे आहे: प्रत्येक सरकारी संजीवनी क्लिनिकमध्ये मधुमेहाची गोळी लिहिण्याआधी क्रिएटिनिन व्हावे आणि प्रत्येक प्रयोगशाळेला रिपोर्टवर ई-जीएफआर छापणे बंधनकारक करावे. संपादकांकडेही एक मागणी आहे. पुढच्या रविवारी, किमतीच्या तक्त्याला दिली तेवढीच जागा या तपासण्यांना द्यावी.

एक निवृत्त शिक्षिका,
कोटरा सुल्तानाबाद, भोपाळ