दोघांची वारी
धरणगावचं एखादं जोडपं मुक्ताईच्या पालखीबरोबर निघालं, की संसाराची परीक्षा पहिल्या तीन दिवसांतच होते. मुक्ताईनगरहून बुलढाणा, जालना, बीड करत पंढरपूर, म्हणजे महिन्याहून जास्त चाल. त्यात पाऊस लांबला तर ज्येष्ठातलं आपलं खान्देशी ऊन चाळिशीपार. नवरा पहिल्या दिवशी पताकावाल्यांबरोबर पुढे पळतो, दुसऱ्या दिवशी टाचेला फोड आला की मुकाट बायकोच्या चालीवर येतो. ती डोईवर ओला पदर घेऊन, दशम्या-ठेच्याचं गाठोडं काखेत मारून सकाळपासून एकाच लयीत चालतेय. कोरे बूट घालून निघणाऱ्यांची तर मला कीव येते! यंदा जाणार असाल तर वापरातल्या चपला, मीठ-साखरेचं पाणी आणि दोघांना दोन वेगळ्या बाटल्या घ्या.