मूत्राशय आणि महापालिका

शरीर आपला जमाखर्च किती काटेकोरपणे ठेवते, याचे मूत्रसंस्थेइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. दोन मूत्रपिंडे दिवसाकाठी रक्तातून सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातील पाणी, साखर, क्षार परत घेऊन जेमतेम दीड लिटर टाकून देतात. मूत्रवाहिन्या ते मूत्राशयात आणून सोडतात. ही स्नायूंची पिशवी ४०० ते ५०० मिलिलिटरपर्यंत धीर धरते. तिच्या दाराशी असलेला एक स्नायू मनुष्याच्या इच्छेने चालतो, म्हणून जागा मिळेपर्यंत थांबता येते. तथापि ही सवलत काही तासांचीच आहे.

येथपर्यंत स्त्री-पुरुष सारखेच. भेद आहे तो पुढच्या मार्गात. पुरुषाचा मूत्रमार्ग सुमारे २० सेंटिमीटर लांब, तर स्त्रीचा अवघा ४ सेंटिमीटर. गुदद्वाराजवळचे जंतू एवढे अंतर सहज काटतात, आणि त्यांना बाहेर लोटण्याचे निसर्गाचे मुख्य साधन म्हणजे लघवीचा प्रवाह. तोच आपल्या शहरांत स्त्रीला दिवसभर अडवून धरावा लागतो. शाळेतील बाई, कचेरीतील कारकून, बाजारात भाजी विकणारी मावशी यांपैकी कितीतरी जणी घराबाहेर पडताना पाणीच टाळतात. मग जंतूंना फावते. जळजळ, ताप, आणि संसर्ग वर चढला तर मूत्रपिंडालाही धोका.

महापालिकेने स्वच्छतागृह बांधले नाही म्हणजे पैसा वाचला, असा एक समज आहे. वस्तुत: तो खर्च स्त्रीच्या खाती टाकला जातो: औषधपाणी, बुडालेली मजुरी, गळालेली रजा. वर तिच्याकडून शुल्कही घ्यायचे! पुरुषांची मुतारी फुकट आणि स्त्रियांना पैसे, या अन्यायाला २०११ पासून मुंबईतील ‘राइट टू पी’ चळवळीने वाचा फोडली. (पुरुषांना भिंतही पुरते, ही गोष्ट वेगळी.) पुण्याच्या ‘मिळून साऱ्याजणी’च्या याचिकेवर २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने स्त्रियांसाठी स्वच्छ व सुरक्षित स्वच्छतागृहे उभारण्याचे आदेश महापालिकांना दिले.

आदेशाची अंमलबजावणी मोजायची कशी, हा खरा प्रश्न. दोघांना समान चौरस फूट दिले की न्याय झाला, असे मानणे भाबडेपणाचे आहे. तेवढ्या जागेत पुरुषांच्या मुताऱ्या अधिक बसतात, आणि स्त्रियांना वेळही अधिक लागतो. शिवाय अंदाजपत्रकात बांधकामाची रक्कम ठळकपणे मांडली जाते. पाणी, दिवा, दाराची कडी आणि सफाई कामगाराचा पगार यांसाठी मात्र हात आखडतो. कुलूपबंद स्वच्छतागृहही नोंदवहीत एक म्हणूनच धरले जाते. ते रोज किती तास उघडे असते, याचा रकाना त्या नोंदवहीत असला पाहिजे.