गृहशास्त्र हवं, पण आपल्या अटींवर

शाळेत गृहशास्त्र आणि जीवनकौशल्यांचे तास हवेत असं कुणी म्हटलं की आपल्या चळवळीतल्या तरुणांच्या कपाळाला आठ्या पडतात. "आमच्या पोरांना कलेक्टर व्हायचंय, त्यांना भाजी चिरायला शिकवू नका," असं तोंडावर ऐकायला मिळतं. हा राग उगाच आलेला नाही. तरीही आमचं म्हणणं असं आहे की हा विषय नाकारण्यापेक्षा आपण तो मागून घ्यावा.

आधी राग कुठून आला ते पाहू. १९५३ साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री सी. राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शिक्षणाची नवी योजना आणली. मुलांनी दिवसाचे तीन तास शाळेत बसायचं आणि उरलेल्या वेळात आईबापाचा धंदा शिकायचा. श्रमाची प्रतिष्ठा वगैरे ऐकायला गोड शब्द होतेच. पण चर्मकाराच्या पोराने चामडं कमवायचं आणि परटाच्या पोराने कपडे धुवायचे, हा त्याचा सरळ अर्थ. पेरियार आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी 'कुलकल्वी', म्हणजे कुळाचं शिक्षण, असं म्हणत रान उठवलं. १९५४ मध्ये कामराज मुख्यमंत्री झाले आणि ती योजना मोडीत निघाली.

उत्तरेत ओमप्रकाश वाल्मीकि यांनी 'जूठन'मध्ये आपली शाळा सांगितली आहे. बाकीची मुलं वर्गात शिकत होती आणि हेडमास्तरने त्यांच्या हातात झाडू देऊन त्यांना मैदान झाडायला लावलं होतं. दलित मुलांना शाळेचे संडास साफ करायला लावल्याच्या बातम्या आजही येतात. तेव्हा 'कौशल्य' हा शब्द ऐकला की आपले कान टवकारतात, आणि ते बरंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडे शिकावं असं म्हटलं आहे. कल्पना वाईट नाही. पण बंगल्यातला मुलगा दहा दिवस चाक फिरवून इंजिनिअरिंगला जाईल, आणि कुंभाराच्या मुलाला 'तुला येतंच की' म्हणून त्याच चाकावर बसवून ठेवलं जाईल, ही भीती आहे. त्यावर धोरणात काय बंदोबस्त आहे, हे विचारायलाच हवं.

पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे आणि ती आपल्याच घरातली आहे. १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादी त्यांनी त्यात दिली आहे: मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचं प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे काही धडे. आजच्या भाषेत याला जीवनकौशल्यच म्हणतात! राजाजींच्या योजनेत मूल बापाच्या धंद्याला बांधलं जात होतं. फुल्यांच्या यादीतला हिशेब शिकलेलं मूल सावकाराच्या आणि कुलकर्ण्याच्या वहीतून बापाला सोडवणार होतं. कुठलंही 'कौशल्य' शाळेत आलं की आपण हीच कसोटी लावावी. मुलाला ते बांधतं की सोडवतं?

सावकाराची वही आता मोबाईलमध्ये आली आहे. आपल्या वस्त्यांमध्ये बायकांच्या गटाला कर्ज देणाऱ्या कंपन्या दर आठवड्याला हप्ता गोळा करतात. समजा एका बाईने ३०,००० रुपये घेतले आणि ५२ आठवडे ६६० रुपये भरले. एकूण भरले ३४,३२० रुपये, म्हणजे व्याज ४,३२० रुपये. साहेब सांगतो, "ताई, १४ टक्केच पडतंय." पण पूर्ण ३०,००० रुपये वर्षभर तिच्याकडे राहतातच कुठे? पहिल्या आठवड्यापासून मुद्दल परत जायला लागते. उतरत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर वर्षाला २७ टक्क्यांच्या आसपास जातो. हे गणित आठवीच्या मुलीला समजू शकतं. दहावीपर्यंत चक्रवाढ व्याजाची उदाहरणं सोडवूनही ती आईच्या हप्त्याच्या कार्डाला कधी लावली जात नाहीत. गृह-अर्थशास्त्राचा पहिला धडा हाच असायला हवा. त्याच्या मागोमाग रेशनकार्ड, जातपडताळणीची कागदपत्रं, भाडेकरार, पगाराच्या पावतीतला भविष्य निर्वाह निधी. इंग्रजीतल्या दहा ओळी न वाचता सही करणारा पदवीधर आम्ही रोज पाहतो.

आणि भाजी चिरण्याचं काय? तेही शिकवा, आणि मुलांना आधी शिकवा. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. त्यात मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष चारात एक. त्याच वर्षी बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई आणि वडील दोघंही भाजी निवडताना दाखवले होते. चित्र चांगलं होतं, पण चित्राने भाजी निवडली जात नाही. रमाईच्या काटकसरीचं कौतुक ७ फेब्रुवारीला विहाराविहारात होतं. भाषण संपलं की चहाची पातेली घासायला कोण उठतं? समतेवर दोन तास बोलणारा आपला कार्यकर्ता उठताना फारसा दिसत नाही. गृहशास्त्र मुलींचाच विषय आहे ही समजूत त्याच्याही डोक्यात बसली आहे.

स्वयंपाक शिकवायचा तर कुणाचा, हाही प्रश्न आहेच. 'संतुलित आहार' म्हटलं की वरण-भात, पोळी, कोशिंबीर अशी ठरलेली थाळी समोर येते. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये महार-मांगांच्या घरातलं अन्न लिहून काढलं. त्यातला एखादा पदार्थ शाळेच्या पुस्तकात कधी येईल? प्रथिनांच्या तक्त्यात वजडीला जागा मिळाली तर पोरगं डबा झाकून खाणार नाही. २०२१ च्या डिसेंबरमध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचं जेवण नाकारलं होतं. तो धडा त्यांना घरातून मिळाला होता. शाळेला तो पुसायचा असेल तर सगळ्या मुलांनी मिळून रांधलं पाहिजे आणि एका पंगतीत खाल्लं पाहिजे.

शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती दिली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. आपल्यातल्या किती जणांनी तिच्या बैठकीत तोंड उघडलं आहे? पुढच्या बैठकीला जा आणि तीन गोष्टी इतिवृत्तात लिहून घ्या. वर्ग झाडण्याची पाळी हजेरीपटाच्या क्रमाने, मुलगा-मुलगी आणि आडनाव न बघता लागेल. संडासाची सफाई मुलांकडून करून घेतली जाणार नाही, त्यासाठी पगारी माणूस आणि यंत्र लागेल. आणि कार्यानुभवाच्या तासाला राख्या आणि कागदी फुलं बाजूला ठेवून महिन्यातून दोनदा घरखर्चाचा आणि कर्जाचा हिशेब शिकवला जाईल. गुरुजी म्हणतील, अभ्यासक्रमात नाही. तेव्हा फुल्यांची १८८२ ची यादी त्यांच्या टेबलावर ठेवा.